मुलाच्या दाव्यातली तडजोड आणि कोर्टाची परवानगी

दावा अपघाताच्या भरपाईचा असो वा वाटणीचा, दोन्ही बाजूंचं जमलं की तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल होते आणि प्रकरण निकाली निघतं. पक्षकारांत एखादं अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेलं, मूल असलं की मात्र आई-वडिलांची सही पुरत नाही, कोर्टाची परवानगी लागते. ही अट विरुद्ध पक्षाला वचक म्हणून असेल, असा बहुतेकांचा समज असतो. तिचा इतिहास चाळला, तर तिचा रोख मुलाच्या स्वतःच्या माणसांवरच जास्त दिसतो.

रोममध्ये इ.स.पू. 200 च्या आसपास 25 वर्षांखालच्या तरुणांना फसवणाऱ्यांविरुद्ध कायदा झाला. पुढे तर तोट्याचा व्यवहार प्रेटर, म्हणजे तिथला न्यायाधिकारी, मोडीत काढू लागला. हेतू चांगला, पण आज ठरलेलं उद्या मोडणार असेल तर पोरासोरांशी व्यवहार करतो कोण? लोक म्हणू लागले, आधी पालक मध्ये आणा. मग पालकावर लक्ष कोणी ठेवायचं, हा प्रश्न आलाच. इ.स. 195 मध्ये, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, न्यायाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पाल्याची शेतजमीन विकायला पालकांना मनाई झाली. आधी परवानगी, मग व्यवहार, हा क्रम इथे पक्का दिसतो.

इंग्लंडमध्ये अज्ञानांचा अंतिम पालक राजा मानला जाई. हे कागदावर. राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्याचा वारस लहान असला, तर त्याचं पालकत्व चक्क विकलं जाई. त्यासाठी 1540 मध्ये स्वतंत्र कोर्ट निघालं आणि तिजोरी भरत राहिलं. 1660 मध्ये ती पद्धतच कायद्याने संपली. राजाची पालकाची भूमिका चॅन्सरी या राजाच्या न्यायबुद्धीने चालणाऱ्या कोर्टाकडे राहिली, आणि मुलाचं हित तपासूनच तडजोडीला मान्यता देण्याची रीत तिथे रुळली.

भारतात 1882 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ही अट होती, पण ती अनेकदा गृहीत धरली जाई : न्यायाधीशांसमोर तडजोड झाली, म्हणजे परवानगी मिळालीच! 1906 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या भारतासाठीच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, हे चालणार नाही असं सांगितलं. पक्षकारांत अज्ञान आहे याकडे कोर्टाचं थेट लक्ष वेधलं होतं आणि परवानगी नि:संशय मिळाली होती, हे दिसलं पाहिजे. 1908 च्या संहितेत आदेश 32, नियम 7 नुसार ही परवानगी कामकाजात स्पष्ट नोंदवावी लागते. ती नसेल तर मूल तडजोड रद्द करून घेऊ शकतं; इतरांना मात्र त्या उणिवेचा फायदा उठवता येत नाही.

इंग्लंडची वाट इथे वेगळी. 1967 च्या एका निकालात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, म्हटलं, की मान्यता मिळेपर्यंत कोणताच पक्ष बांधला जात नाही. वडिलांच्या मृत्यूच्या भरपाईच्या त्या प्रकरणात मान्यतेआधी विधवा आईने पुनर्विवाह केला होता, त्यामुळे भरपाईचा हिशेब बदलला, आणि प्रतिवादींना ठरलेल्या रकमेतून बाहेर पडता आलं. मुलाचं संरक्षण असं उलटंही फिरतं.

1976 च्या दुरुस्तीने भारतात वादमित्राचं, म्हणजे मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्या सज्ञान व्यक्तीचं, प्रतिज्ञापत्र आणि वकील असल्यास त्याचा दाखला सक्तीचा झाला : तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे. वाक्य ठरलेलं, बहुतेकदा टाइप करून तयारच असतं. म्हणून तर ते असूनही कोर्टाला स्वतः तपासणी करण्याची मुभा कायद्याने राखून ठेवली आहे.

रक्कम मंजूर झाली तरी ती वादमित्राच्या हाती परस्पर पडत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. मोटार अपघाताच्या प्रकरणांत मुलाच्या वाट्याचे पैसे तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकात सांगितलं. मधेच नड आली, तर पालकाला पुन्हा अर्ज घेऊन कोर्टापुढे उभं राहावं लागतं.