पोराचं डोकं अचानक दुखलं तर पित्त म्हणून सोडू नका

द्राक्षबागेत औषध मारताना एचटीपी पंपाच्या (फवारणीच्या) होजला कधीकधी फुगा येतो, तासगावकडच्या लोकांना हे सांगायला नको, पाईप आतून कच्चा झाला की प्रेशरनं तेवढीच जागा फुगते आणि तशीच चालवली तर एक दिवस फुटते. मेंदूच्या धमनीलाही असाच फुगा येतो, त्याला अॅन्युरिझम म्हणतात. एकूण पेशंटमध्ये मुलं १०० मागं ५ पण नसतात, म्हणूनच लहान पोराच्या बाबतीत ही शंकाच कुणाला येत नाही.

मोठ्यांत बीपी, सिगरेट ही कारणं. पोरांचं वेगळं असतं, जन्मतःच कच्ची भिंत, डोक्याला मार, आणि आपल्याकडं जास्त ध्यानात ठेवायचं कारण म्हणजे हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन. घसा दुखून मग सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटिक ताप येऊन झडप खराब झालेली पोरं आपल्यात अजून आहेत, अशा झडपेवर किडलेल्या दातातले जंतू रक्तातनं जाऊन बसतात, तिथला एखादा तुकडा सुटून मेंदूतल्या धमनीत अडकतो आणि तिथली भिंत कुजून फुगते. दातापासून मेंदूपर्यंतची ही साखळी पहिल्यांदा कळली तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

फुगा फुटला की डोकं एका क्षणात भयंकर दुखतं, उलटी, मान ताठ, कधी फिट. अशा वेळी ऊन लागलं असेल म्हणून घरी थांबायचं नाही, गाडी काढून थेट सीटी स्कॅन असलेल्या मिरजेच्या किंवा सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. साध्या सीटीत रक्त दिसतं, मग मांडीतून नळी घालून अँजिओग्राफी, मेंदूची ही तपासणी लिस्बनचे डॉक्टर मोनिझ यांनी १९२७ ला सुरू केली. काही फुगे न फुटताच अडीच सेंटीमीटरच्या वर वाढतात आणि नस दाबून पापणी खाली येते किंवा डोळा तिरळा होतो, तेही बघायला पाहिजे.

फुग्याच्या मानेला, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या अरुंद भागाला, क्लिप लावायची पद्धत अमेरिकेचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९३७ ला केली, आता कवटी न उघडता नळीतून फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची कॉईल पण भरतात. पण पोरांच्या फुग्याला बऱ्याचदा नीट मानच नसते, मग ती धमनीच बंद करून डोक्याच्या कातडीतल्या धमनीतून बायपास (रक्ताला दुसरी वाट) द्यावा लागतो. त्यात १५ किलोच्या पोराच्या अंगात रक्तच जेमतेम सव्वा लिटर, त्यामुळं थोडं वाहिलं तरी जड जातं. इन्फेक्शनचा फुगा असेल तर कित्येक आठवडे अँटिबायोटिक.

पोरगं बरं होऊन शाळेत जायला लागलं की फाईल कपाटात जाते, पण नवा फुगा ५-१० वर्षांनी पण येऊ शकतो, म्हणून स्कॅनच्या तारखा चुकवायच्या नाहीत.