पगार किती, उचल किती? एस कॉर्प मालकांसाठी

एस कॉर्प म्हणजे अमेरिकेतली अशी कंपनी, जिच्या नफ्यावरचा आयकर मालक स्वतःच्या रिटर्नमध्ये भरतो. दर फेब्रुवारीत आमच्या हिशेबनीस कार्यालयात अशा कंपनीचा एक तरी हिशेब येतोच. वर्षभर कंपनीच्या खात्यातून घरच्या खात्यात पैसे गेलेले, आणि प्रत्येक नोंदीपुढे फक्त ‘मालक’. यातला पगार किती आणि डिस्ट्रिब्युशन किती, हे वर्ष उलटल्यावर ठरवता येत नाही. ज्यावर पेरोल टॅक्स (पगारावरचा कर) कापला, ९४१ फॉर्म (त्या कराचा तिमाही रिटर्न) भरला आणि डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा दाखला) निघाला, तो पगार. बाकीची सहसा उचल, म्हणजे डिस्ट्रिब्युशन. कंपनीच्या कार्डावर आणलेला घरचा किराणाही त्यातच.

न्यू जर्सीतली एकट्या मालकाची आयटी कन्सल्टिंग कंपनी घ्या. मालकाच्या पगाराआधीचा नफा १,५०,००० डॉलर. पगार ८०,०००, त्यावर कंपनीच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर ७.६५ टक्के, म्हणजे ६,१२०. बारीकसारीक कर सोडले तर उरले ६३,८८०. त्यातले मालकाने ४०,००० उचलले.

कंपनीच्या आयकर रिटर्नमध्ये, म्हणजे ११२०-एस मध्ये, ८०,००० जातात ओळ ७ वर, अधिकाऱ्यांच्या मोबदल्यात. (एकूण जमा ५ लाख डॉलर किंवा जास्त असेल तर ११२५-ई फॉर्मही जोडावा लागतो.) उचललेले ४०,००० खर्चात कुठेच येत नाहीत, ते शेड्यूल के च्या १६डी ओळीवर आणि तुमच्या के-१ (मालकाच्या वाट्याचा तपशील) च्या १६ नंबरच्या चौकटीत ‘डी’ कोडखाली दिसतात. आयकर मात्र पूर्ण ६३,८८० वर, पैसे उचललेले असोत वा नसोत. इथे बहुतेकांचा चेहरा पडतो.

उचलीवर पेरोल टॅक्स नाही, मग पगार नावापुरता ठेवला तर? आयोवातल्या एका सीपीएने (परवानाधारक हिशेबनिसाने) हेच केले. २००२ आणि २००३ मध्ये पगार २४,००० आणि उचल दोन्ही वर्षी पावणेदोन लाखांच्या वर. ‘वॉटसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा तो खटला. कोर्टाने वर्षाला ९१,०४४ डॉलर रास्त पगार धरला आणि २०१२ मध्ये अपिलातही तो टिकला. माणूस स्वतः हिशेबनीस होता, हे विशेष!

पार्टीत कोणी ‘६०-४० चा नियम’ सांगेल. कायद्यात असा नियम नाही. तुमच्या जागी बाहेरचा माणूस ठेवला तर त्याला काय द्यावे लागेल, ते पाहायचे आणि तो आकडा कसा काढला याचा कागद फायलीत ठेवायचा.

कंपनी तुमच्या हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता भरत असेल तर डिसेंबरमध्येच कळवा. २ टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या मालकाच्या डब्ल्यू-२ वर ती रक्कम चौकट १ (आयकरासाठीचा पगार) मध्ये येते, ३ आणि ५ (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीचा पगार) मध्ये नाही.

उचल तुमच्या बेसिसपेक्षा (कराच्या हिशेबाने कंपनीत असलेली तुमची गुंतवणूक) जास्त झाली तर वरच्या रकमेवर कॅपिटल गेन लागतो. त्याचा हिशेब ७२०३ फॉर्मवर, तुमच्या वैयक्तिक रिटर्नसोबत जातो.

भागीदार असतील तर उचल शेअरच्या प्रमाणातच हवी. आणि पुण्यातल्या भावाला प्रेमाने १० टक्के शेअर देण्याआधी आम्हाला फोन करा. तो अमेरिकेचा नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी नसेल, तर कंपनीचा एस दर्जाच जातो.

रिटर्नची मुदत १५ मार्च. बँक स्टेटमेंट आणि पेरोलचे कागद १५ फेब्रुवारीपर्यंत पाठवा.