लॅमिनायटिस : घोड्याच्या खुरांचे पुनर्वसन

घोड्याच्या खुरातील हाड आणि खुराची बाहेरची भिंत यांना जोडणारे पापुद्रे दुखावून सैल पडतात, त्या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. त्यातून वाचलेल्या घोड्याला पुन्हा नीट चालता करण्यासाठी खुरांची तासणी, आधार, आहार आणि विश्रांती यांची वर्षभर सांगड घालावी लागते. पशुवैद्य आणि नालबंद यांनी एकाच एक्स-रेवर नजर ठेवून करायचे हे काम आहे.

घोडा तळव्यावर उभा दिसतो, पण त्याचे बरेचसे वजन खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. एका खुरात सुमारे ५५० ते ६०० उभे मुख्य पापुद्रे असतात आणि प्रत्येकावर शंभराहून अधिक बारीक उपपापुद्रे. दोन वह्यांची पाने एकमेकांत घालून दाबावीत, तशी हाडाकडची आणि भिंतीकडची बाजू गुंतलेली असते. ही गुंफण ढिली झाली, की वरून शरीराचा भार आणि मागून कंडरेची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची) ओढ यांमुळे हाडाचे टोक जमिनीकडे फिरते. कधी सगळे हाडच खाली बसते. हा प्रकार जास्त घातक.

कारणे तीन वाटांनी येतात. चंदीचा (दाण्याच्या खुराकाचा) अतिरेक, आतड्याचा दाह किंवा व्यायल्यानंतर वार अडकल्यामुळे झालेला संसर्ग ही एक वाट. दुसऱ्या पायाला गंभीर इजा झाल्याने चांगल्या पायावर पडणारा सततचा भार ही दुसरी. २००६ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा उजवा मागचा पाय मोडला आणि लॅमिनायटिस झाला तो डाव्या मागच्या पायाला. त्या खुराची बहुतेक भिंत काढावी लागली आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. तिसरी आणि आज सर्वांत जास्त आढळणारी वाट म्हणजे रक्तातील चढे इन्शुलिन. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पोनींच्या रक्तात इन्शुलिन तीन दिवसांपर्यंत चढे ठेवले, तेवढ्यानेच त्यांना हा विकार झाला. लठ्ठ, मानेवर चरबीचा कडक कणा आलेला घोडा गवत खाऊन लंगडतो, त्यामागे बहुधा हेच असते.

दुखऱ्या घोड्याची उभे राहण्याची ढबच बोलते : पुढचे पाय पुढे टाकलेले, अंग मागे कललेले, वळताना तर जणू निखाऱ्यांवर पाय. घोट्याच्या मागे बोटे ठेवली तर एरवी शोधावी लागणारी नाडी ठणठणताना लागते. वेदनेची स्वीडिश पशुवैद्य ओबेल यांनी १९४८ मध्ये दिलेली चार पायऱ्यांची प्रतवारी अजून वापरली जाते. चौथ्या पायरीवरचा घोडा बळजबरी केल्याशिवाय जागचा हलत नाही. या अवस्थेत पुनर्वसनाची घाई नको. खोल, मऊ बिछायत, वेदनाशामक, तळव्याला गादीसारखा आधार आणि सुरुवातीलाच पोहोचलो तर दोन-तीन दिवस अखंड बर्फ, एवढेच करावे. दुखऱ्या खुरावर हातोडीने नाल ठोकणे हा निव्वळ क्रूरपणा आहे.

दुखणे ओसरले की खरे काम सुरू होते. सुटलेले पापुद्रे पुन्हा चिकटत नाहीत, हे आधी पक्के समजून घ्यावे. खूर दुरुस्त होत नाही. तो केसांच्या कडेपासून नव्याने उगवतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. टाचेपर्यंत नवी भिंत यायला सहा महिने, पुढच्या टोकापर्यंत वर्ष. नालबंदाचे काम एवढेच, की उतरणाऱ्या नव्या भिंतीला जुनी भिंत उचकटणार नाही असे बघायचे. वरच्या बोटभर नव्या वाढीवर पट्टी टेकवून ती रेघ जमिनीपर्यंत न्यावी. तिच्या बाहेर पुढे आलेला भाग प्रत्येक पावलाला पहारीसारखा पापुद्र्यांना उचकटत असतो. तो टप्प्याटप्प्याने कानशीने मागे आणून टोक गोलसर करतात, म्हणजे पाऊल लवकर आणि हलके उचलले जाते.

टाचेचा प्रश्न जास्त नाजूक. या विकारात टाच टोकापेक्षा भराभर वाढते आणि हाड टोकावर उभे राहते. टाच उतरवून हाडाचा तळ जमिनीशी साधारण ३ ते ५ अंशांवर आणायचा असतो. पण एकदम उतरवली तर मागची कंडरा ताणली जाऊन तीच हाडाला ओढते. म्हणून टाच कापून तिच्याखाली पाचर देतात आणि पुढच्या भेटींत ती कमी करत नेतात. तळव्याला मात्र सुरी लावू नये. निरोगी खुरात हाडाखाली सुमारे १५ मिलिमीटर तळवा असतो, इथे तो निम्म्यावर आलेला असू शकतो. ‘स्वच्छ दिसावा’ म्हणून कोरलेला तळवा घोड्याला महिनाभर मागे नेतो.

नाल की अनवाणी, या वादात आवाज जास्त आणि पुरावा कमी. पातळ तळव्याच्या घोड्याला मऊ पॅडचे बूट सोयीचे, कारण ते काढून पाहता येते. चिकटवलेली नाल किंवा लाकडी तळही चालतात. तासणी चार-पाच आठवड्यांनी, आणि मधूनमधून नवा एक्स-रे.

वाटेत खुरात पू होणे जवळजवळ ठरलेलेच. सुधारत असलेला घोडा एका सकाळी तीनच पायांवर उभा दिसतो आणि मालक खचतो. पू वाट काढून बाहेर पडला की बहुतेकदा दोन दिवसांत घोडा चालू लागतो.

आहार चुकला तर कानस कितीही निपुण असो, उपयोग नाही. दाणा बंद, हिरवे कुरण बंद. चारा शरीरभाराच्या सुमारे दीड टक्का, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला पावणेसात किलो; तो तासभर भिजवून पाणी ओतून दिले की साखर बरीच उतरते. म्हाताऱ्या घोड्यात पिट्युटरी ग्रंथीचा विकार तपासून गरजेप्रमाणे पर्गोलाइड हे औषध देतात.

खुराच्या भिंतीवर उमटणाऱ्या आडव्या कड्या या साऱ्याची नोंद ठेवतात. टोकाशी जवळ आणि टाचेकडे रुंद होत जाणाऱ्या कड्या म्हणजे आजार चालूच आहे. समांतर येऊ लागल्या की निभावले. मग मऊ जमिनीवर सरळ रेषेत, हाताने धरून चालवणे. कडक जमिनीवरची घट्ट वळणे आणि पाठीवर स्वार या गोष्टी अगदी शेवटी, नवी भिंत जमिनीला टेकल्यावर.