संदर्भाच्या पानामागची गोष्ट

शाळेच्या संशोधन-प्रकल्पातलं सर्वांत घाईने लिहिलेलं पान म्हणजे शेवटचं. तिथे अनेकदा 'संदर्भ : गुगल, विकिपीडिया' एवढंच असतं. मुलांना मी यात दोष देत नाही. आडनाव आधी का, साल कंसात का, दोन ओळींत एवढी मोकळी जागा कशाला, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. नियमांचा कागद तेवढा हातात पडतो. पण हे नियम कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलेले आहेत.

१७७६ साली एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड लंडनमध्ये निघाला. त्यातल्या सगळ्या टिपा पुस्तकाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला पुस्तक फार आवडलं, पण टिपांनी तो हैराण झाला. आकडा दिसला की शेवटची पानं उलटायची, आणि तिथे बहुधा नुसता आधारग्रंथाचा उल्लेख! असे उल्लेख समासात किंवा पानाच्या तळाशी छापावेत, असं त्याने पत्र लिहून कळवलं. पुढच्या आवृत्त्यांत टिपा तळाशी आल्या. तळटीप त्याआधीही होती. पियर बेलच्या १६९७ च्या फ्रेंच कोशात तर मूळ मजकुरापेक्षा टिपाच जास्त भरतात. मला ह्यूमचं पत्र महत्त्वाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. संदर्भ वाचकाच्या हाताशी हवा, हा आग्रह तिथे खुद्द एका वाचकाने धरला आहे.

आज प्रकल्पांत दिसणारा '(आडनाव, साल)' हा कंस मात्र गोगलगाईच्या अभ्यासातून आला. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये पाठीवर शंख नसलेल्या गोगलगाईवर एक मोठा निबंध लिहिला. तिचं अंडं कसं पक्व होतं, फलन कसं होतं, मग त्याचे भाग कसे पडत जातात, असा तो सूक्ष्म विषय. आधीच्या संशोधकांच्या कामाचा हवाला सतत द्यावा लागत होता. प्रत्येक वेळी ग्रंथाचं पूर्ण नाव लिहिण्याऐवजी मार्क यांनी लेखकाच्या नावाजवळ कंसात साल दिलं आणि सविस्तर यादी शेवटी ठेवली. ही पद्धत नवी असल्यामुळे ती समजावणारी एक तळटीपही त्यांनी जोडली. विज्ञानात साल डोळ्यांसमोर असणं फार उपयोगाचं : कुणी आधी पाहिलं, कुणाचं म्हणणं नंतर बदललं, हे वाचता वाचताच कळतं. पुढे या पद्धतीला हार्वर्डचं नाव चिकटलं. त्या विद्यापीठाने काढलेलं तिचं अधिकृत नियमपुस्तक मात्र नाही.

संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीची कथा छापखान्यातली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयात प्राध्यापक हस्तलिखितं थेट खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्यांकडे नेऊन देत. ती अक्षरं लावताना आणि पुढे मुद्रितं तपासताना एकवाक्यता राहावी म्हणून मुद्रितशोधकांनी नियमांचं एक पत्रक केलं. ते वाढत वाढत १९०६ मध्ये पुस्तक झालं. त्याच विद्यापीठात केट टुराबियन या प्रबंध-सचिव होत्या. प्रत्येक प्रबंध त्यांच्या नजरेखालून जाई. विद्यार्थी त्याच त्या चुका करतात हे पाहून त्यांनी १९३७ साली एक पुस्तिका तयार केली. तिच्या लाखो प्रती गेल्या. टुराबियन यांच्या स्वतःच्या नावावर पदवी नव्हती, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेचे नियम १९२९ मध्ये अवघ्या सात पानांत छापून आले. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनाच पुढे एपीए पद्धत म्हणू लागले. भाषा-साहित्यवाल्यांच्या अमेरिकन संघटनेचं, म्हणजे एमएलएचं, पत्रक १९५१ चं, आणि विद्यार्थ्यांसाठीचं पुस्तक १९७७ चं.

मांडणीचे बरेच नियम टंकलेखन यंत्राने दिलेले आहेत. ओळींमधली दुप्पट जागा संपादकाच्या पेनासाठी होती. यंत्रात तिरपा ठसा नसे, म्हणून ग्रंथनाम अधोरेखित करायचं. त्या रेघेवरून छापखान्यात तिरपे खिळे लावत. यंत्रं गेली, तरी मोकळी जागा राहिली. शिक्षकाच्या लाल पेनाला ती अजूनही लागते.

आपल्याकडे ही शिस्त रुजवण्यात इतिहासकारांचा मोठा वाटा आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. मूळ पत्रंच वाचकापुढे ठेवायची, म्हणजे निष्कर्ष ज्याला त्याला पडताळता येतील. मराठीत संदर्भ देताना एक अडचण आजही येते. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा फक्त शक छापलेला असतो. 'शके १८२०' मध्ये ७८ मिळवले की १८९८ येतं. पण वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौष-माघातलं पुस्तक पुढच्या इसवी सनात जातं. अशा वेळी दोन्ही सालं लिहावीत.

इंटरनेट आल्यावर पत्ता टिकेना. २००० पासून शोधनिबंधांना डीओआय क्रमांक, म्हणजे पत्ता बदलला तरी न बदलणारे ओळख-क्रमांक, मिळू लागले. एमएलएने २००९ मध्ये संकेतस्थळाचा पत्ता देण्याची सक्ती काढली आणि २०१६ मध्ये तो द्यावा अशी शिफारस पुन्हा केली. २०२३ मध्ये चॅटजीपीटीचा संदर्भ कसा द्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा एपीएने लेखकाच्या जागी ते बनवणारी कंपनी लिहायला सांगितलं. एमएलए म्हणालं, साधनाला लेखक मानू नका. दोन्ही मार्गदर्शनं त्याच वर्षी निघाली आणि शाळांत दोन्ही चालतात, म्हणून आपल्या शिक्षकांना कोणतं हवं आहे, ते प्रकल्प लिहायला घेण्याआधी विचारून घ्यावं लागतं.