सरकारने न दिलेली पदके

नाईलच्या लढाईत (१ ऑगस्ट १७९८) फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडाला, तेव्हा ब्रिटिश सरकारची सुवर्णपदके ताफ्याचा सेनापती नेल्सन आणि जहाजांचे कप्तान यांच्यापाशीच थांबली. खलाशांना पदक द्यायची रीतच नव्हती. ती उणीव अलेक्झांडर डेव्हिसनने स्वखर्चाने भरून काढली. पकडलेल्या फ्रेंच जहाजांच्या पैशांचा हिशेब नेल्सनने त्याच्याकडे सोपवला होता. दलाली घसघशीत, तेव्हा या औदार्यात थोडी परतफेडही असणार.

पदके बर्मिंगहॅमचा कारखानदार बोल्टन याच्या सोहो टांकसाळीत पडली, साचे कोरक क्युखलरचे. व्यास सुमारे ४८ मिमी. कप्तानांना सोने, लेफ्टनंटांना चांदी, त्याखालच्यांना मुलामा दिलेले ब्राँझ, खलाशांना साधे ब्राँझ. कडेवर डेव्हिसनचे नाव कोरलेले. अडकवायला कडी नव्हती. ती ज्याने त्याने बसवून घेतली. पदक मिळालेल्याचे नावही त्यानेच खोदून घ्यायचे, म्हणून आज कोऱ्या पदकावर मागाहून नाव खोदून भाव चढवता येतो. नाव दिसले की आधी जहाजाची हजेरीपुस्तके पाहावीत.

ट्रॅफल्गरच्या नाविक लढाईनंतर (१८०५) बोल्टनने स्वतःच पदक काढले. खलाशांच्या वाट्याला मात्र मऊ, कथलासारखा धातू आला. अनेकांनी ते रागाने समुद्रात फेकले, असे सांगतात.

सरकार जागे झाले १८४७ मध्ये. नौदलाचे पदक १७९३ पासूनच्या लढायांसाठी होते, पण ते हयात असून अर्ज करणाऱ्यालाच. नाईलला ४९ वर्षे उलटून गेली होती. १८५१ च्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकाचेही तेच झाले: आसई, खडकी, कोरेगाव या लढायांच्या पट्ट्या (फितीवर लावायच्या धातूच्या नावपट्ट्या) निघाल्या, पण १८०३ च्या आसईचा शिपाई ४८ वर्षांनी अर्ज करायला उरला असेल तर!

विसाव्या शतकात देणगीदार गेले, गिऱ्हाईक आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, बॉम्बर कमांडचे, ५५,५७३ विमानसैनिक मेले, तरी त्यांच्या मोहिमेला वेगळे पदक मिळाले नाही. १९८५ मध्ये खासगी पदक निघाले. ते माजी सैनिकांनी पैसे मोजून घेतले. अधिकृत पदकांच्या ओळीत ते लावता येत नाही. लष्करी पदकांच्या नियमांचा फेरविचार करणाऱ्या २०१२ च्या होम्स आढाव्यानंतर २०१३ मध्ये सरकारने पट्टी दिली, तीही '१९३९–४५ स्टार'च्या फितीवर लावायची आणि फक्त विमानातून गेलेल्यांसाठी. बॉम्ब चढवणारे, इंजिने दुरुस्त करणारे जमिनीवरचे कर्मचारी पुन्हा बाहेरच राहिले.