चार किट, नऊ माणसं

सोलापुरी टॉवेलचं एक टोक चुकून बादलीत बुडलेलं राहिलं, तर थोड्या वेळानं पाण्याच्या वरचा वीतभर भागही ओला लागतो. सुताच्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढतं, यालाच केशाकर्षण म्हणतात. घरच्या घरी कोरोना तपासायचं किट चालतं ते याच जोरावर. त्यात ना बॅटरी, ना पंप.

आतली पट्टी नायट्रोसेल्युलोज या कागदासारख्या सच्छिद्र पदार्थाची असते. नाकात फिरवलेली कांडी द्रावात ढवळून त्याचे थेंब टाकले, की ते पट्टीवरून सरकू लागतात. वाटेत अँटिबॉडी, म्हणजे विषाणू ओळखून धरणारं प्रथिन, चिकटवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. (सोनं म्हटल्यावर हरखू नका, एवढ्या बारीक कणांचा रंग लालसर दिसतो.) विषाणूचं प्रथिन सापडलं तर हे कण त्याला धरतात, आणि 'टी' म्हणजे तपासणीच्या रेषेवर रोवलेल्या दुसऱ्या अँटिबॉडी ती जोडगोळी अडवून ठेवतात. कण साचले की रेषा उमटते. किट नीट चाललं हे सांगणारी 'सी' रेषाच आली नाही, तर ते किट फेकायचं.

आरटीपीसीआर या प्रयोगशाळेतल्या तपासणीत विषाणूच्या अंशाच्या प्रती काढतात. दर फेरीला दुप्पट धरलं, तर ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. पट्टी मात्र आहे तेवढंच दाखवते. म्हणून संसर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत 'टी' रेषा उमटत नाही, असं होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं ते यासाठीच: लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर ४८ तासांनी पुन्हा तपासा, लक्षणं नसतील तर तसंच एकूण तीनदा.

आता हिशोब बघा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकी सरकारनं टपालानं फुकट किट वाटायला सुरुवात केली, दर पत्त्याला चार. म्हणजे लक्षणं असलेली दोनच माणसं नीट तपासून होतात. एकाच इमारतीतल्या काही कुटुंबांना तर 'या पत्त्यावर मागणी आधीच आली आहे' असं उत्तर मिळालं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं घर डोळ्यांसमोर आणा: खाली माग, वर दोन भावांचे संसार, घर नंबर एकच, माणसं नऊ.

भारतात आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती किटला मान्यता दिली. तेव्हा किंमत होती २५० रुपये. त्या भावानं नऊ जणांनी दोनदा तपासायचं म्हटलं, तर साडेचार हजार. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात एवढे पैसे कोण काढणार? वाटप करायचंच तर पत्ता न मोजता डोकी मोजावीत, असं मला वाटतं.

आणखी एक अडचण आहे. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात, कारण अँटिबॉडी हे प्रथिन आहे आणि उन्हानं ते बिघडतं. अमेरिकेत चिंता होती ती टपालपेटीत किट गोठण्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, डोक्यावर पत्रा. फ्रिज नसलेल्या घरात किट ठेवायचं कुठे? माठाशेजारी, एवढंच मला सुचतं. पाकीट मात्र तपासायच्या वेळेपर्यंत फोडायचं नाही. आतली पट्टी हवेतली ओलसुद्धा टॉवेलसारखीच पिते.