पाण्याची कड आणि धरणाची हद्द

पवना धरणाच्या काठी ठाकूरसई, तुंगी, आंबेगाव या बाजूला जागा बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, प्लॉट थेट पाण्याला लागून आहे." घेणारा खूश होतो, कारण पाणी संपतं तिथून प्लॉट सुरू होतो असं त्याला वाटतं. पण पाण्याची कड वेगळी आणि धरणाची हद्द वेगळी. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात लोकांचे पैसे अडकतात.

पवनेचं पाणी म्हणजे नैसर्गिक तळं नव्हे, जलाशय आहे. चांगल्या पावसात तो भरतो. मग नदीत सोडलेलं पाणी पिंपरी-चिंचवडसाठी रावेतला उचललं जातं आणि पातळी उतरत जाते. सप्टेंबरात जिथे लाटा लागतात तिथे मे महिन्यात भेगाळलेली माती असते. म्हणजे कड वर्षभर सरकत राहते.

हद्द मात्र सरकत नाही. धरण बांधताना सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली. पूर्ण संचय पातळीपर्यंतची, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपर्यंतची, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्याही वरची. ही संपादित जमीन पाण्याबाहेर दिसली तरी ती शासनाचीच. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीला गाळपेर म्हणतात. ती जलसंपदा खातं पेरणीसाठी थोड्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतं. कसणाऱ्याला ती विकता येत नाही, आणि घेणाऱ्याने तिच्यावर कुंपण किंवा ओटा बांधला तर ते अतिक्रमण ठरतं. ज्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली, त्या धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा झगडा कित्येक दशकं चालला आहे. त्यांच्या जमिनीतून शासनाकडे आलेला पट्टा कुणाच्या बंगल्याचं अंगण व्हावा, हे मला मुळीच पटत नाही.

मग हद्द ओळखायची कशी? नुसता सातबारा पुरत नाही. संपादन होऊनही जुनं क्षेत्र तसंच राहिलेले उतारे सापडतात. त्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढा, भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे किती जमीन घेतली त्याचा आदेश, मागा आणि कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप, झालंय का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. गटातलं किती क्षेत्र गेलं आणि किती उरलं, हे तिथे कळतं. धरणाच्या हद्दीचे दगड जागेवर असले तर उत्तम, पण दगड हलवता येतात. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात घेऊन शेताच्या कडेने चालणं केव्हाही बरं.

जमीन शेतीची असेल तर आणखी एक अडसर आहे: कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. हा मुद्दा एजंट शेवटी सांगतात. तुम्ही तो पहिल्याच भेटीत काढा.

मोजणीचा अर्ज जमीनमालकाला करावा लागतो. म्हणून इसार देण्याआधीच बोलून घ्या: मोजणी मालकाने करून द्यायची, जलसंपदा खात्याकडून हद्द खात्रीची करून घ्यायची, आणि दर ठरवायचा तो हद्दीबाहेर उरलेल्या क्षेत्राचाच.